लांबून वाचता येणारी पाटी

मी मूळचा देवगाव रंगारीचा, कन्नड तालुक्यातला, आन गावाच्या नावातच रंगारी म्हणल्यावर मी दुसरं काय होणार सांगा. पण रंगाला पहिल्यांदा हात लावला तोच फजितीनं. जयंती जवळ आलेली, आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरांनी कमानीवर लिहायचं काम मला दिलं, शाळंत माझं अक्षर बरं होतं ना, आन मी शहाणा, पहिलंच अक्षर एवढं मोठं काढलं, एवढं मोठं, की जय भी लिहिपर्यंत कमान संपली आन म ला जागाच उरली नाय. तो म मी खाली खांबावर लिहिला. गावाला गेलो की लोकं अजून विचारतात, काय बबन, म कसा हाय.

मग शहरात आलो, क्रांती चौकाच्या मागं एका उस्तादाच्या हाताखाली लागलो. उस्ताद म्हणायचा, बेटा, हरफ ऐसा लिख के रोड के उस पार से बुढ्ढा आदमी भी पढ ले. ते मी डोक्यात धरलं ते धरलंच. दुकानाच्या पाट्या केल्या, ट्रकचे मागचे फाळके रंगवले, मग फ्लेक्स आला आन आमचा धंदा बसला. उरली ती सरकारी हापिसं. टेबलावरची नावं, भिंतीवर थुंकू नये, आन संडासाच्या दारावर पुरुष, महिला. तुम्ही या शहरात कधी कुठल्या हापिसात घाईत पळाला असाल, तर माझंच अक्षर वाचून पळाला असाल. आभार मानायला अजून कोणी आलं नाय. एकदा तर एका ठिकाणी दोन्ही दारांवर महिला लिहून घरी गेलो, दिवसभर बाप्ये जिन्याखाली चुळबुळत उभे, आन साहेबाचा फोन आला तर मी म्हणतो कसा, साहेब, बायांना पन्नास टक्के म्हणता ना, मी शंभर दिले.

तर ते जाऊ द्या. तुम्हाला माझ्या बहिणीचं सांगायचंय. आमच्यात सगळ्यात धाकटी, विजया. जन्मली तवा मुलगा म्हणूनच जन्मली, विजय नाव ठेवलं होतं. मोठी झाल्यावर तिनं सांगितलं की मी बाई हाय, तर आई आधी रडली, मग तिनंच ट्रंकेतनं आपल्या दोन साड्या काढून दिल्या. मी म्हणलं, पेंटरच्या हिशेबानं बघितलं तर एक काना वाढला, बस. हसली बिचारी. पुढं कायद्यानं मिळतं ते तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र काढलं, कॉम्प्युटर शिकली, आन एका सरकारी हापिसात कंत्राटावर दाखल्यांच्या खिडकीवर लागली. नाव नाय घेत हापिसाचं, तिची नोकरी हाय तिथं. पुंडलिकनगरात आम्ही दोन खोल्यांत राहतो, मी, माझी बायको आन ती. खिडकीवर येणाऱ्या खेड्यातल्या माणसांना ती म्हणजे नुसती एक मॅडम. ताई, माझ्या पोराचं उत्पन्नाचं बघा ना. ती बघायची. कोणाच्या मनात दुसरं काय यायचं नाय, आन तिला तेवढंच पाहिजे होतं.

पण माणूस हाय, दिवसभर बसणार, त्याला जायला तर लागतंय ना. पहिल्या मजल्यावरच्या बायांच्या दारात गेली तर हापिसातल्याच दोघींनी साहेबाकडं तक्रार केली. त्यातल्या एका मॅडमनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, भाऊ, आमचं तिच्याशी वाकडं नाय, पण आम्हाला चोरट्यासारखं होतं हो. मी मान हलवली. माझी मान लई लवकर हलती. बाप्यांच्या दारात गेली तर पोरं मोबाइल काढून उभी. म्हणून मग तिनं पाणीच सोडलं. सकाळी चहा नाय, दुपारी डबा कोरडा, संध्याकाळी घरी आली की चप्पल न काढता आत पळायची. मग ताप, मग लघवीला आग, दोनदा दवाखाना झाला. डॉक्टरीण बाई तिला रागवायच्या, शिकलेली ना तू, पाणी पी. व्हय म्हणायची. कुठं जायचं ते डॉक्टरीण बाईंनी सांगितलं नाय.

शेवटी तिनं साहेबाला अर्ज दिला. साहेब माणूस वाईट नाय, त्यांनी फाईल मागवली, नियम काढला, म्हणले सरकारी इमारतीत यांच्यासाठी सोय पाहिजेच, कायदाच हाय तसा. खालच्या मजल्यावर, लोकं रांगंत बसतात त्या बाकड्यांच्या समोर, एक बंद संडास होता, जुन्या खुर्च्या भरलेला. तो रिकामा केला, फरशा धुतल्या, आन पाटीचं काम कोणाकडं, तर माझ्याकडं. साहेब म्हणले, बारकी पट्टी चालंल पेंटर, नियमापुरती.

बारकी? माझ्या बहिणीचं काम, आन बारकी? काय सांगू तुम्हाला, मी पैसे घ्यायचे नाय ठरवलं आन घरी कोणाला सांगितलं पण नाय, म्हणलं एकदम दाखवू. पिवळी जमीन, लाल अक्षर, त्याला काळी सावली, दाराच्या वर भिंतभर लिहिलं, तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वच्छतागृह. जागा उरली म्हणून गेटजवळच्या खांबावर बाण पण काढला. रस्ता ओलांडून पलीकडं चहाच्या टपरीवर उभा राहिलो आन वाचलं. शब्द न् शब्द दिसत होता. टपरीवाला म्हणला, पेंटर, एक नंबर. मी त्याला भजी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी नारळ, फीत, फोटो. मी नवा शर्ट घालून गेलेलो. साहेबांनी माईकवर विजयाला नाव घेऊन बोलावलं, आपल्याच कार्यालयातल्या आपल्या तृतीयपंथी भगिनी, त्यांच्या हस्ते. अख्खी रांग उठून उभी राहिली बघायला. एक म्हातारा शेजारच्याला म्हणला, अरे, ही तर खिडकीवरची, मला तर बाईच वाटली. विजयानं फीत कापली. टाळ्या झाल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या. ती माझ्याकडं बघत होती, आन मला वाटलं आनंदानं बघती.

घरी आल्यावर म्हणली, दादा, तुला मी काही म्हणत नाय. बस एवढंच. बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं आन म्हणली, अहो तुम्हाला अक्कल हाय का, आता ती त्या दाराकडं चालायला लागली की गेटवरचा माणूस पण सांगंल कोण चाललं ते. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. उस्तादानं रस्त्यापलीकडून दिसायला शिकवलं होतं, दिसू नये असं कसं लिहायचं ते काय शिकवलं नव्हतं.

पण खरी मेख पुढंच हाय. आठवडा झाला नाय तर लेखी पत्र निघालं, की स्वतंत्र सोय झालेली असल्यानं संबंधितांनी तीच वापरावी. म्हणजे आधी अगदीच राहवलं नाय तर निदान सगळे जेवायला गेले की ती बायांच्या दारात गुपचूप जाऊन यायची, ते पण गेलं. मी तिच्यासाठी दार उघडलं आन त्या दारानं दुसरं बंद केलं.

रविवारी मी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन गेलो पुसायला. वॉचमन खानचाचा, माझ्या जुन्या ओळखीचा, बाणावर ब्रश टेकवला तसा धावत आला, पेंटर, नक्को रे बाबा, अब ये सरकार की चीज हो गई, मेरी नौकरी जाती. सोमवारी साहेबाकडं गेलो. म्हणलं साहेब, नुसतं स्वच्छतागृह लिहितो, कोणी पण जावं. साहेबांनी फाईल उघडली. म्हणले, पेंटर, तू म्हणतो ते मला कळतं, पण तो शब्द पाटीवर नसला तर सोय केली असं मी वर दाखवू कसं, फोटो गेलाय. आता सांगा, कोणावर चिडू. तक्रार करणाऱ्या बाया भिडस्त, साहेब भला, चाचा गरीब, कायदा चांगला, आन पाटी सुंदर.

फोटो फिरला, तर तालुक्याच्या एका हापिसानं मला बोलावलं, म्हणले सेम टू सेम पाहिजे. मी विजयाला विचारलं, तूच सांग माय, अक्षर केवढं काढू. ती कांदा चिरत होती. म्हणली, अक्षर कसंबी काढ दादा, दाराला आतून कडी हाय का तेवढं बघ. मी म्हणलं, म्हणजे. म्हणली, आपल्या इथं नाय. एकदा गेले होते, पायानं दार दाबून धरलं.

भाऊ, मी त्या दारासमोर चार दिवस काम केलं. बाहेरून. दार उघडून आत बघितलंच नाय.

तालुक्याला मी बारकं लिहिलं आन कडी नसंल तर रंग देत नाय म्हणून बसलो, तर त्यांनी बसवली, तिथं कोणी जातं का देव जाणे. आपल्या इथं मात्र ते बांधकामवाल्यांचं काम हाय म्हणतात, मागणी गेलीय म्हणतात. मी स्वतः पितळेची कडी आणली, चाचा म्हणला, चिठ्ठी ला साहेब की. साहेबांची बदली झालीय, नवे म्हणतात बघू. रोज सकाळी ती डबा घेऊन निघती, तोंडाला पाणी न लावता, आन मी दारात उभा राहून म्हणतो, सांभाळून जा माय. ती म्हणती, व्हय दादा. अजून काय म्हणावं, ते मला तरी सुचत नाय, तुम्हाला सुचलं तर लिहा.