मालतीताईंनी खोडायला लावलेली खूण

प्रकाशराव, निरंजन, आणि इथं जमलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

हॉल भरून मागच्या भिंतीपर्यंत माणसं उभी आहेत. कुणी ऑस्टिनहून, कुणी ह्यूस्टनहून गाडी चालवत आलंय. मला चार लोकांत बोलायची सवय नाही. सकाळी देवापुढं दिवा लावताना दोन वाक्यं मनात जुळवली होती. इथं उभा राहिलो आणि ती गेली. आता जे आठवेल ते सांगतो, सांभाळून घ्या.

मालतीताई गेल्या. हे म्हणायला अजून जीभ रेटत नाही. मालतीताई गेल्या.

तुमच्यातल्या कित्येकांना त्या गणपतीच्या स्वयंपाकामुळं माहीत. काहींना हॉस्पिटलच्या लॅबमधल्या. मला त्या माहीत मैदानावरच्या. आपल्या मुलांच्या बेसबॉल टीमचा स्कोअर त्या लिहायच्या. त्यांचा आणि प्रकाशरावांचा निरंजन पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. माझा अनिकेत सेकंड बेसवर, म्हणजे पळणाऱ्यानं गाठायच्या दुसऱ्या टप्प्यापाशी. डॉट-कॉम कंपन्या बुडाल्यावर आम्ही कॅलिफोर्निया सोडून इथं टेक्ससमध्ये, प्लेनोला आलो, तेव्हा अनिकेत कुणाशी बोलत नसे. या टीममध्ये गेला आणि बोलायला लागला. पण काय बोलायचा? फक्त बेसबॉल. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं पोर माझ्यासमोर बोलतंय आणि मी नुसता मान हलवतोय. म्हणून एका शनिवारी ताईंच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "शिकवाल का?"

"बसा की. पण तो फोन आधी खिशात टाका."

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. रन झाली की लिहायची, एवढंच डोक्यात. एक मुलगा आऊट झाला, मी पेन्सिल खाली ठेवली.

"काहून हो भाऊ, लिहा ना."

"आऊट झाला तो. काय लिहू?"

"कसा झाला ते लिहा. पळाला ना बिचारा जीव तोडून?"

बॉल कुणी उचलला, कुणाकडे फेकला, सगळं आकड्यांत लिहायचं. मी आपले शर्टावरचे आकडे लिहायला लागलो. अनिकेतच्या पाठीवर अकरा, मी अकरा लिहिले. ताई इतक्या हसल्या की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "भाऊ, शर्टाला कोण विचारतं? सेकंड बेसवर उभा राहील तो चार. तुमचा देव येऊन उभा राहिला ना, तरी चारच!" मी कानाला हात लावले. पण चार कायमचा लक्षात राहिला.

एक खूण मात्र मला जड जायची. सोपा बॉल कुणाच्या हातून सुटला, तर 'ई' लिहायचा. ई म्हणजे एरर. आणि त्यापुढं त्या मुलाच्या जागेचा आकडा. बारा वर्षांचं पोर, आणि त्याची चूक लिहून ठेवायची? मी तसं बोललोही. ताई म्हणाल्या, "म्हणून तर डोळे उघडे ठेवून बसायचं. आपण बघितलं नाही, तर उगीच कुणाच्या तरी माथी बसतं."

मग त्यांचं आजारपण आलं. केमोनं बोटं बधिर झाली, पेन्सिल धरवेना. तेव्हा मी लिहायचो आणि त्या डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसायच्या.

निरंजन, आता जे सांगणार आहे ते तुझ्यासाठी. मराठी तुला कळतं, बोलायचा तेवढा कंटाळा करतोस. ऐक.

त्या दिवशी तू टाकत होतास आणि समोरच्या टीमला एकही हिट मिळाली नव्हती, म्हणजे आपल्या कुणाची चूक नसताना बॉल मारून कुणी बेस गाठला नव्हता. मॅच अशीच संपली असती तर तो नो-हिटर. मुलं अशी मॅच जन्मभर सांगतात. शेवटची इनिंग, दोन आऊट, एकच राहिला होता. त्या मुलानं बॉल मारला, तो सरपटत अनिकेतकडे आला आणि त्याला चुकवून मागे गेला. मुलगा बेसवर पोचला.

आता ही हिट, की अनिकेतची चूक? चूक धरली तर निरंजनचा नो-हिटर राहतो. हिट धरली तर जातो. मागून आपलीच मंडळी म्हणाली, "अहो माने, एरर टाका, एरर! काय बिघडतंय?" खरंच, काय बिघडत होतं? ताईंचा तो शेवटचा सीझन आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पोराच्या नावावर एक चूक, त्याचं काय एवढं? मी लिहिलं. ई चार.

ताईंनी वाकून बघितलं. म्हणाल्या, "खोडा."

"ताई, असू द्या ना. निरंजनसाठी..."

"गवताच्या काठावर आपटून त्याच्या खांद्यावरून गेला बॉल. तुम्ही बघितलं, मी बघितलं. अनिकेतनं काय केलं हो? माझ्या पोराला मोठं करायला तुमच्या पोराला खोटी चूक लावायची? खोडा, भाऊ."

मी खोडलं. हिट लिहिली.

निरंजन, मॅच संपल्यावर तू वही बघितलीस आणि आईशी न बोलता गाडीत जाऊन बसलास. त्या तशाच बाकावर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "माझ्याकडं दिवस थोडे, भाऊ. त्यातला एक हा असा गेला."

पुढच्या प्रॅक्टिसला मी अनिकेतला न्यायला गेलो. कोच तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, वाईट झालं, तो एरर द्यायला हवा होता. आणि तू म्हणालास, "नो कोच. बॅड हॉप. नोबडी गेट्स दॅट." म्हणजे बॉलच वेडावाकडा उसळला, तो कुणालाच मिळाला नसता. अनिकेत तिथंच उभा होता. त्याचा चेहरा मी बघितला.

मी पार्किंगमधूनच ताईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. "तसं नाही भाऊ, तो म्हणाला तसंच सांगा, त्याच्या इंग्रजीत." मी तसंच सांगितलं. मी गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होतो, आणि त्या पलीकडे रडत होत्या, आनंदानं.

निरंजन, हे तुला त्यांनी सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. म्हणून आज मी सांगितलं.

ताई, तुम्हाला माझा नमस्कार. परमेश्वर तुम्हाला त्याच्या पायाशी जागा देवो.

मंडळी, आता आपण उभे राहू या. काही म्हणायचं नाही. थोडा वेळ नुसते गप्प राहू या.