बुटांवरची ओढणी

हाजी सनोबर : मेंढा चांगला आहे, तोर्यालय. पण माझ्या दाराला बांधायच्या आधी एका शब्दानं विचारायचंस तरी.

तोर्यालय : विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, काका.

हाजी सनोबर : म्हणालोच असतो.

तोर्यालय : म्हणून तर नाही विचारलं. ननवाते विचारून करतात का कधी? मेंढा घेऊन दारात जायचं, आत जाऊन बसायचं, माफी मागायची. मग घरमालकाला नाही म्हणता येत नाही. लहानपणी तुम्हीच सांगितलंय आम्हाला.

हाजी सनोबर : सांगितलं, आणि आज ते माझ्याच गळ्यात घातलंस. सगळं गाव बाहेर उभं आहे. मुल्लासाहेब सुरी घेऊन तयार आहेत. तुला आता हाकलावं, तर सनोबरनं दारी आलेल्याला हाकललं म्हणून माझा शब्द मानणाऱ्या सातही गावांत मला तोंड दाखवायला जागा नाही. घे, चहा घे. तुती घे सोबत, यंदाच्याच वाळवल्यात. तो कॅमेरेवाला कोण?

तोर्यालय : माझा भाचा, ऐमल. प्रचाराचं सगळं तोच बघतो. लोकांना दिसायला हवं ना, की एवढा मोठा अधिकारी होतो तरी मान वाकवतो म्हणून.

हाजी सनोबर : माझ्या सख्ख्या भावाच्या खुनाची माफी मी याच खोलीत दिली. तू बसलायस त्याच गादीवर तो माणूस बसला होता. त्याच्याबरोबर कॅमेरा नव्हता. रडत होता तो.

तोर्यालय : मला रडता येत नाही, काका. चोवीस वर्षं हेरखात्यात काढली. सवयच मोडली.

हाजी सनोबर : चिठ्ठीत निवडणुकीची निशाणी काय आली तुला?

तोर्यालय : दोन शिड्या.

हाजी सनोबर : बरोबर आहे. एक चढायची, एक उतरायची. तुझा बाप माझ्या बागेतली सफरचंदं ट्रकनं काबूलला न्यायचा, आणि तू वर पेट्यांवर बसून पुस्तक वाचायचास. आम्ही म्हणायचो, ड्रायव्हरचं पोर मास्तर होणार. तू झालास खात्यात कारकून. मग आपल्या लोगर प्रांतात खात्याचा प्रमुख. मग काबूलला अख्ख्या खात्याचा प्रमुख. टीव्ही लावावा तर तूच. आणि आता संसदेसाठी दारोदार मतं मागतोयस. इतकं चढून झाल्यावर हे कशाला रे?

तोर्यालय : खरं सांगू?

हाजी सनोबर : सांग. तुझ्या तोंडून ऐकायला गंमत वाटेल.

तोर्यालय : काबूलच्या हॉटेलवर हल्ला झाला आणि मला राजीनामा द्यायला लावला. त्याच आठवड्यात घराबाहेरचे शिपाई काढून घेतले. मी ज्यांना धरलं त्यातले निम्मे सुटलेत. जे सुटले नाहीत त्यांना भाऊ आहेत. चार महिने मी खिडकीचा पडदा सरकवला नव्हता, काका. मुलींना त्यांच्या मामाकडे पाठवलं. मग ऐमलला कुठून तरी कळलं, उमेदवाराला सरकार शिपाई देतं. बारा जण. निवडून आलो तर पाच वर्षं.

हाजी सनोबर : म्हणजे तू शिपायांसाठी उभा राहिलायस.

तोर्यालय : हो.

हाजी सनोबर : राग मानू नकोस, पण मला हसू येतंय. अख्ख्या देशावर नजर ठेवणारा माणूस बारा शिपायांसाठी माझ्या गादीवर येऊन बसला.

तोर्यालय : हसा. पण तुमच्या सात गावांची मतं मला द्या. तुम्ही माफ केलंत हे एकदा दिसलं की बाकीचेही येतील.

हाजी सनोबर : कशाची माफी?

तोर्यालय : काका...

हाजी सनोबर : नाव घे.

तोर्यालय : वलीजानची.

हाजी सनोबर : काय झालं वलीजानचं?

तोर्यालय : जे काही झालं त्याचं मला मनापासून दुःख आहे. त्या काळात परिस्थिती फार बिकट होती. काही निर्णय असे घ्यावे लागले की...

हाजी सनोबर : हे टीव्हीवर बोल. माझा मुलगा दम्याचं औषध आणायला बाजारात गेला. तुझ्या माणसांनी त्याला गाडीत घातलं. पुढे? माफी मागणाऱ्यानं काय केलं ते तोंडानं सांगायचं असतं. भावाचा खुनी म्हणाला, मी मारलं, पाटाच्या वळणावर मारलं, कुऱ्हाडीनं मारलं. मग मी माफ केलं. तू काही बोलतच नाहीस, तर मी माफ काय करू?

तोर्यालय : मागच्या आठवड्यात मला टीव्हीवर विचारलं, तुमच्या काळात कोठडीत किती जण मेले.

हाजी सनोबर : एकही नाही, म्हणालास. ऐकलं आम्ही. म्हातारी एकदम उठून बसली. म्हणाली, एकही मेला नाही, म्हणजे माझा जिवंत आहे. तेव्हापासून रोज त्याच्या वाटणीची भाकर बाजूला काढून ठेवते.

जरमीना : बाबा, मी बोलू का?

तोर्यालय : पडद्याआड कोण आहे?

हाजी सनोबर : माझी सून, जरमीना. वलीजानची बायको म्हणायची की विधवा, ते आम्हाला अजून माहीत नाही. बोल पोरी.

जरमीना : साहेब, आपण भेटलोय.

तोर्यालय : नाही ताई. काही गैरसमज होतोय.

जरमीना : पुल-ए-आलमला, तुमच्या खात्याच्या कचेरीच्या फाटकापाशी. मी दर गुरुवारी सासूबाईंबरोबर यायचे. कुर्बानीच्या ईदचा आदला दिवस होता. तुमची गाडी थांबली, काच खाली झाली. वलीजान, सनोबरचा मुलगा, त्याचं कोण आहे म्हणून विचारलंत. मी हात वर केला. तेव्हा तुम्ही म्हणालात...

तोर्यालय : घरी जा. ईदला तुझा नवरा येईल.

हाजी सनोबर : तुला आठवतंय.

तोर्यालय : आता आवाज ऐकला आणि आठवलं. यांनी विचारलं होतं, याच ईदला ना?

जरमीना : आणि तुम्ही काच वर केलीत. मी घरी येऊन मेंदी भिजवली. एकोणीस वर्षांची होते, लग्नाला सात महिने झाले होते. ती ईद गेली, पुढची गेली. येत्या हिवाळ्यात अकरा वर्षं होतील. चौथ्या वर्षी शेजारच्या गावच्या मास्तरांनी मला मागणी घातली. भला माणूस होता, बाबांनाही पसंत होता. मुल्लासाहेब म्हणाले, नवरा मेल्याची साक्ष आणा. साक्ष नसेल तर तो नव्वद वर्षांचा होईपर्यंत जिवंतच धरायचा. मास्तर पुन्हा एकदा येऊन गेले. मग त्यांनी गझनीची बायको केली. तीन मुलं आहेत त्यांना.

हाजी सनोबर : पुरे पोरी.

जरमीना : पुरे नाही, बाबा. साहेब, मला तुमच्या मतांशी काही घेणंदेणं नाही. मी तुम्हाला शिव्याही देणार नाही. एवढंच सांगा, तो आहे की नाही?

तोर्यालय : काका, मी निघतो. मेंढा असू द्या इथं. तुम्हाला वाटेल तेव्हा कापा.

जरमीना : बाबा, ही घ्या, पडद्याखालून सरकवते. दाराशी त्यांचे बूट आहेत, त्यांवर टाका.

हाजी सनोबर : अगं, ही तुझी डोईवरची ओढणी आहे.

जरमीना : इथं पडद्याआड माझं डोकं कोण बघतंय. टाका.

हाजी सनोबर : टाकली. आता बघ, तोर्यालय. बाईनं डोईची ओढणी पुढ्यात टाकली की बंदुका रोखलेले लोकसुद्धा जागच्या जागी थांबतात. तुला कोणी धरलेलं नाही. ओढणी उचल, बाजूला फेक, बूट घाल आणि जा.

तोर्यालय : दार अर्धं उघडं आहे. ऐमलचा कॅमेरा चालू आहे.

हाजी सनोबर : लोकांना दिसायला हवं, असं तूच म्हणालास.

तोर्यालय : अनवाणी गेलो तर?

हाजी सनोबर : तर सगळे विचारतील, बूट कुठे राहिले. मी सांगेन.

तोर्यालय : तुम्हाला कळत नाहीये, काका. मी बोललो, तर टीव्हीवर खोटं बोललो हे उघड होतं. उमेदवारी जाते, शिपाई जातात. न बोलता ही ओढणी लाथाडून गेलो, तर लोगरमध्ये एकही माणूस मला मत देणार नाही, आणि निवडणूक झाली की शिपाई जातातच. मग मी करायचं काय?

जरमीना : मला विचारताय?

तोर्यालय : कुणालाच नाही विचारत.

हाजी सनोबर : चहा निवला तुझा. दुसरा ओतू?

तोर्यालय : नको. त्याचा पंप काढून घेतला होता.

हाजी सनोबर : काय?

तोर्यालय : दम्याचा पंप. आत येणाऱ्याच्या खिशातलं सगळं काढून घ्यायचे. खोल्या भरल्या होत्या म्हणून लोखंडी कंटेनरमध्ये ठेवला होता. थंडी फार होती. ईदच्या आठ दिवस आधी, पहाटे. मी तिथं नव्हतो, मला सकाळी सांगितलं. मी म्हणालो, कुठं लिहू नका.

हाजी सनोबर : त्यानं काही केलं होतं?

तोर्यालय : नाही. भलत्यालाच धरलंय हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. सुटकेचा कागद माझ्या टेबलावर आला होता. पण त्याच महिन्यात काबूलहून माझ्या बढतीसाठी माणसं यायची होती. चुकीचा माणूस धरला हे त्यांना दिसायला नको होतं. म्हटलं, ईद होऊन जाऊ दे, मग सही करू.

हाजी सनोबर : सही.

तोर्यालय : हो.

जरमीना : म्हणजे फाटकापाशी तुम्ही मला सांगितलंत, तेव्हा तो जाऊन आठवडा झाला होता.

तोर्यालय : ती माणसं त्याच दिवशी येणार होती, ताई. फाटकासमोर बायका उभ्या असलेल्या नको होत्या. काहीतरी बोललो की तुम्ही घरी जाल, एवढंच डोक्यात होतं.

जरमीना : आणि मी गेले.

हाजी सनोबर : कुठं पुरलंय त्याला?

तोर्यालय : पुलापलीकडे जुनी वीटभट्टी आहे ना, तिच्या मागे. अगदी कडेला. डोक्याशी दोन विटा उभ्या केल्यात.

हाजी सनोबर : तिथून मी गाढवं घेऊन जातो. दर आठवड्याला जातो. एकदा तिथंच बसून भाकर खाल्ली होती मी.

जरमीना : बाबा, तुम्ही बसा. पाणी प्या. साहेब, हेच बाहेर जाऊन बोला. मुल्लासाहेबांना नीट ऐकू जाईल असं. आम्ही दोघं घरातलीच माणसं, आमची साक्ष ते धरणार नाहीत.

तोर्यालय : बाहेर बोललो की मी संपलो.

हाजी सनोबर : माझ्या छपराखाली कोणी संपत नाही. तू कबूल केलंस, मी मेंढा कापला, की तू माझा. मला पाच पुतणे आहेत. ते दारात बसतील. या घरात तुझ्या केसाला कोणी धक्का लावणार नाही.

तोर्यालय : घरात. आणि घराबाहेर?

हाजी सनोबर : बाहेरचं मला सांगता येत नाही.

तोर्यालय : मग किती दिवस राहायचं मी या घरात?

जरमीना : मी अकरा वर्षं राहिले.

तोर्यालय : काका, ओढणी तुम्ही उचला. मी तिला हात लावत नाही. बूट घालतो.

(दोघं बाहेर जातात. तोर्यालयचा आवाज, मग गर्दीचा, मग मेंढ्याचं ओरडणं मध्येच थांबतं. बऱ्याच वेळानं दोघं आत येतात आणि दाराला आतून कडी लागते.)

जरमीना : झालं?

हाजी सनोबर : झालं. सगळं बोलला तो, पंपाचंसुद्धा. मी माफी दिली.

जरमीना : दिलीत?

हाजी सनोबर : तोंडानं दिली, ती द्यावीच लागते. मनातून कधी येईल ते मला ठाऊक नाही. ऐकतोयस ना, तोर्यालय?

तोर्यालय : ऐकतोय. ऐमलनं कॅमेरा बंद केला, पण गावातली सगळी पोरं फोन धरून उभी होती. माझ्या शिपायांचा हवालदार काबूलला फोन लावत होता.

जरमीना : बाबा, मुल्लासाहेबांना माझं विचारलंत का? पुन्हा लग्नाला मोकळं होण्याआधी विधवेनं इद्दतीचे चार महिने दहा दिवस पाळायचे, ते आजपासून मोजायचे ना?

हाजी सनोबर : विचारलं.

जरमीना : मग?

हाजी सनोबर : आजपासून नाहीत म्हणाले. नवरा गेला त्या दिवसापासून. बायकोला कळो, न कळो.

जरमीना : न कळो?

हाजी सनोबर : असंच आहे म्हणाले, पोरी. किताब बघून सांगितलं.

जरमीना : ईदच्या आठ दिवस आधी. तिथून चार महिने दहा दिवस. म्हणजे सफरचंदाला फुलं आली होती तेव्हा.

हाजी सनोबर : हं.

जरमीना : मास्तर पहिल्यांदा आले, त्याच्या कितीतरी आधी मी सुटले होते.

हाजी सनोबर : त्याला मीच परत पाठवलं. दोन्ही वेळा मीच. चहासुद्धा दिला नाही दुसऱ्यांदा.

जरमीना : तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, बाबा. रडू नका. सासूबाईंना सांगायचंय अजून, ते आपण दोघं मिळून सांगू.

तोर्यालय : ताई...

जरमीना : साहेब, बाहेर गाडीचा आवाज कसला?

तोर्यालय : शिपाई गेले.

जरमीना : सगळे?

तोर्यालय : सगळे. ऐमलही त्यांच्यातच बसला.

जरमीना : मग बाबा, पाहुण्यांचं अंथरूण माझ्या खोलीत घालते. तिला खिडकी नाही. मला आता ती नको.