बुरुल एजेच्या लाल चिंध्या

काराकोलच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या: सायकल धरलेली साठीची बुरुल आणि तिला ‘एजे’, म्हणजे थोरली ताई, म्हणणारी तिची तरुण शेजारीण नाझिक.

“एजे, सायकल घेऊन कुठे?”

“वर कुरणावर, आमच्या घोड्यांकडे. घाटाच्या पायथ्यापर्यंत बस, पुढे मी.”

“तुमचा गुडघा असा, आणि चढ?”

“चालताना रडतो मेला, पायडलवर गप्प बसतो. मुलगा म्हणालाय, यंदा सायकलनं वर पोचलीस तर घोड्या ठेवतो, नाहीतर विकतो.”

“आणि पोचाल?”

“दर उन्हाळ्यात थोडी वर सरकतेय की! दम संपतो तिथल्या झाडाला लाल चिंधी बांधते. पहिल्या वर्षी पुलाजवळ, मग मधाच्या पेट्यांपाशी, गेल्या साली पार शेवटच्या वळणावर.”

“पुलाजवळ? अहो, ते तर नवसाचं झाड! सगळं चिंध्यांनी भरलंय. मीसुद्धा मुलासाठी बांधली तिथे.”

“नवसाचं कसलं! पहिली चिंधी माझ्या जुन्या झग्याची आहे.”

“आणि मी तिथे हात जोडून रडले!”

“पण पोर झालं ना?”

“झालं. रांगतंय आता.”

“मग झालं तर. माझा दम संपला तिथे त्याचा सुरू झाला.”

“कुणाला सांगू नका हं, एजे. सासूबाई दर शुक्रवारी जातात तिथे.”

बस आली. दोघींनी मिळून सायकल मागच्या दारातून चढवली.

“थांबा, माझा रुमाल घ्या. बांधायला लागेल.”

“ठेव तुलाच. वर कुरणावर झाड कुठे असतं?”