संस्थेची होडी खाणीत बुडवल्याबाबत

बेंबळी औटपोस्ट, जिल्हा उस्मानाबाद. दिनांक २६ एप्रिल १९७३, गुरुवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे.

नाव पिराजी कोंडिबा ओव्हाळ, वय अंदाजे ४८ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा होडी चालवणे व राखणे (गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे), राहणार पांढरदरा.

जमादारसाहेबांनी समोर बसवून विचारलं, त्यावरून माझ्या तोंडानं सांगतो ते असं.

मला काल दुपारपासून इथं बसवलं आहे. काल मी तोंड उघडलं नाही हे खरं. आज सगळं सांगतो. फक्त जमादारसाहेबांनी भराभर लिहावं, कारण तलावावर पाणी उपसायचं दुसरं इंजिन बसलं आहे आणि माझा जीव तिकडं टांगला आहे. कारण पुढं येईल.

आमच्या गावचा तलाव १९६६ साली झाला. घरं अलीकडं राहिली, शिवार पलीकडं गेलं. फिरून जायचं तर साडेतीन कोस पडतात. म्हणून लोक गुळाच्या काहिलीत बसून पाणी ओलांडायचे. काहिलीला खाली गोल बूड, आत बसलेल्या एकानं शिंक दिली तरी ती डुलते. १९६८ च्या श्रावणात काहील उलटली. आत चौघी होत्या, खुरपायला निघालेल्या. तिघी वाचल्या. चौथी माझी बायको हरणाबाई. त्याचा जबाब तेव्हा ह्याच औटपोस्टात झालेला आहे, तो पुन्हा लिहू नये.

१९७० साली सरकारी खात्यानं संस्थेला होडी दिली. सागवानी, साडेदहा हात लांब, वर डोलकाठी आणि शीड. कोकणातून एक तांडेल, शिडाच्या होड्या चालवणारा, तिच्यासोबत आला होता, तो महिनाभर राहिला आणि त्यानं मला शिकवलं. ह्या होडीला तळाखाली लांबीभर जाड लाकडाचा कणा आहे आणि त्याला बिडाचं वजन बोल्टांनी आवळलेलं आहे. तांडेलानं डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ओढ. मी काठावरून जीव खाऊन ओढला. होडी पार आडवी झाली, शीड पाण्याला टेकलं. दोर सोडला तशी ती उठून उभी राहिली. मी तिला पुन्हा आडवी केली. पुन्हा उठली. असं मी सात-आठ वेळा केलं असेल. शेवटी तांडेलानं माझ्या हातातला दोर काढून घेतला आणि म्हणाला, "पुरे आता, बाबा."

त्या दिवसापासून होडी माझ्याकडं आहे. दर अमावास्येला मी तिचे सांधे बघतो. फटीत कापसाची वात ठोकायची, वरून राळ आणि जवसाचं तेल कढवून भरायचं. डोलकाठीला तीन बाजूंनी अंबाडीचे दोर ताणलेले असतात. अंबाडी भिजली की आखडते, म्हणून पाणी उडत असलं की ताण सैल करावा लागतो, नाही तर दोरच डोलकाठी मोडतो. हे पहिल्या वर्षी मला ठाऊक नव्हतं, एक डोलकाठी मोडली तेव्हा कळलं. जमादारसाहेब म्हणतात, मुद्द्याचं बोला. साहेब, मी मुद्द्याचंच बोलतोय. जी वस्तू एवढी राखायची, ती चोरून मी कुठं नेणार आणि चालवणार कशात?

आता दोन वर्षं पाऊस नाही. तलावाच्या मधून लोक चपला घालून जातात. पाणी राहिलंय ते फक्त भिंतीच्या अंगाला, आणि त्याच्याभोवती कमरेएवढा गाळ. फेब्रुवारीपासून पलीकडच्या काठावर जनावरांची छावणी आहे. जनावरं पाण्यासाठी गाळात उतरतात आणि रुततात. छावणीला मोठा हौद पाहिजे होता. तालुक्याहून लोखंडी हौद येणार म्हणत होते, तो काही आला नाही. फुटके पिंप लावून पाहिले, त्यांनी काय होतंय.

१७ तारखेला सकाळी संस्थेचे चेअरमन नानासाहेब घोडके माझ्याकडं आले. ते म्हणाले, "पिराजी, होडी छावणीत न्यायची. तिच्यात पाणी सोडू, जनावरं पितील. खालचा कणा तेवढा कापून टाक, म्हंजी सपाट बसंल."

मी म्हणालो, "नानासाहेब, होडी न्या. कणा न्हाय कापायचा. कणा गेला म्हंजी ती काहीलच झाली."

"आरं, सध्या चालवायला पाणी कुठाय? पाऊस पडल्यावर बघू."

"पाऊस पडल्यावर कणा उगवून येतुया व्हय?"

तिथं चार माणसं होती, ती हसली. नानासाहेबांना राग आला. ते म्हणाले, "जनावरं मरायलीत आन् तुला लाकडाचं पडलंय. परवा सुतार येतोय, तू आडवा येऊ नकोस." हे सुद्धा लिहून घ्या की नानासाहेब वाईट माणूस नाही. होडी मिळावी म्हणून उस्मानाबादला नऊ हेलपाटे त्यांनीच घातले होते, आणि माझ्या बायकोच्या मातीला ते अनवाणी आले होते. पण सुतार सांगितला तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

१८ तारखेला दुपारी छावणीत चारावाटप चालू होतं, सगळं गाव तिकडं होतं. तेव्हा मी एकट्यानं होडी उभ्या पाण्यात ढकलत भिंतीपाशी नेली. भिंतीच्या मुरमासाठी सरकारनं जिथं खाण खणली होती, तिथं अजून दोन पुरुष पाणी होतं. मी डोलकाठी उतरवली, शीड काढलं, दोर गुंडाळून काठावर ठेवले. होडीत दगड भरले, मोठे मधे आणि लहान कडेला. मग तळाचं बूच काढलं. ती हळूहळू सरळ खाली गेली, वाकडी झाली नाही. लाकडी होडी पाण्याखाली मरत नाही, उलट फळ्या फुगून सांधे बसतात. ती मरते उन्हात. माझा विचार एवढाच होता की पाऊस होईस्तोवर ती कुणाला दिसू नये. तोवर खाणीतलं पाणी हटणार नाही असं मी धरून चाललो होतो. ते माझं चुकलं.

शीड मी कडुनिंबाचा पाला घालून घरात ठेवलं आहे, उंदरांनी कुरतडू नये म्हणून. डोलकाठी शेळ्यांच्या छपराला आढं म्हणून चढवली. काल पोलीस आले आणि त्यांनी ती बघताक्षणी ओळखली, कारण शेळ्यांच्या आढ्याला कुणी कप्पी लावत नाही. ती काढायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. नानासाहेबांनी २२ तारखेला होडी चोरीला गेल्याची तक्रार दिली, तीत सगळं खरं आहे, फक्त चोरी नाही.

२३ तारखेला, सोमवारी, छावणीतला मथुराबाई ढेकळे यांचा बैल पाणी प्यायला उतरला आणि गाळात रुतला. त्यांचा तो एकच बैल होता. मी तिथं होतो. आम्ही आठ-नऊ माणसांनी दोर लावून ओढला. दोर होडीचेच होते, मी घरून आणले. बैल दुपारभर मान वर धरून होता. पाचच्या सुमाराला त्यानं मान टाकली. मथुराबाई काठावर बसून होत्या, त्यांनी पदरानं त्याचं तोंड पुसलं. लोक म्हणत होते, हौद असता तर वाचला असता. मी दोर गोळा करून घरी आलो.

आज सकाळी सातच्या सुमाराला मथुराबाई चालत बेंबळीला आल्या. आमची शेतं बांधाला बांध लागून आहेत, मी त्यांना काकू म्हणतो. मला वाटलं आता शिव्या देतील. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पिराजी, होडी तूच लपवलीस न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय काकू."

"कशापायी?"

"कणा कापणार व्हते."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी काहिलीत मी बी व्हते. हरणा माज्याच हाताला धरून व्हती. तवा तुला कणा का पायजे ते मला सांगाय नगं. पर मुडद्या, कापायचा कशाला? चर खणायचा. कणा चरात उतरला की होडी आपसूक सरळ बसती. आपण उखळ न्हाय का जमिनीत गाडत?"

जमादारसाहेबांनी हे ऐकलेलं आहे. दहा हात लांब आणि दीड हात खोल चर, एका माणसाचं सकाळभराचं काम. मला ते सुचलं नाही. नानासाहेबांनाही सुचलं नाही. आम्ही दोघं कापायचा का नाही कापायचा यावरच हट्टाला पेटलो होतो. आणि त्यात पाणी भरून ठेवलं असतं तर जनावरंही प्यायली असती आणि फळ्याही ओल्या राहिल्या असत्या. आठ दिवस आधी हे एकानं तरी बोलायला पाहिजे होतं.

काकू पुढं म्हणाल्या, "माजा बैल काय परत येत न्हाय. मी तक्रार करणार न्हाय. पर तुज्या बांधाला मी आता बोलणार बी न्हाय." मी म्हणालो, बरोबर आहे. जाताना त्यांनी सांगितलं की कालपासून टँकरसाठी दुसरं इंजिन लागलंय, खाणीतलं पाणी रात्रीतून हातभर उतरलं, आणि पाण्यात काळं काहीतरी दिसतंय म्हणून माणसं बघायला जमली आहेत. ती होडीच असली तर म्हणून सुतारही आज बारापर्यंत येतो आहे. म्हणून मी बोलायला लागलो.

होडी खाणीत, भिंतीच्या पायऱ्यांपासून चाळीस पावलांवर आहे. तोंड उगवतीला आहे. दोन्ही टोकांना दोर बांधून ते बाभळीच्या बुंध्यांना अडकवले आहेत, बुंधे पाण्याखाली आहेत. मला नेलं नाही आणि दुसऱ्यांनीच काढायची ठरवली तर एवढं तरी पाळावं. बैल किंवा ट्रॅक्टर लावून ओढू नये, कणा गाळात धरलेला असेल तर तो तुटून तिथंच राहील. आधी दगड काढावेत, मधले अगोदर. मग ती आपली आपण वर येईल, तेव्हा बूच घट्ट ठोकून पाणी उपसावं. बूच माझ्या बंडीच्या खिशात आहे, ते मी आता जमादारसाहेबांच्या टेबलावर ठेवतो. काठाला आली की लगेच ओली गोणपाटं टाकावीत, दोन तास जरी कोरडं ऊन लागलं तरी फळ्या फाकतील. छावणीत चर आधी खणून ठेवावा, खाली वाळू घालावी, होडी बसली की दोन्ही कुशींना माती चोपावी आणि त्याच दिवशी काठोकाठ भरावी. नानासाहेब इतकं करूनही कापाच म्हणाले, तर सुताराला हात लावू देऊ नये. करवत माझ्याकडं द्यावी. बोल्ट कुठं आहेत ते मला माहीत आहे, तळ तरी शाबूत राहील.

मी होडी बुडवली ती एकट्यानं, कुणाच्या सांगण्यावरून नाही. संस्थेची जी काय शिक्षा असेल ती मान्य आहे.

लिहिलेलं मला सावकाश वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच उतरलं आहे. एका ठिकाणी दुरुस्ती करावी. मथुराबाईंचा बैल "गाळात रुतला" असं लिहिलं आहे, तिथं पुढं "पिराजी ओव्हाळ याने हौद लपवल्यामुळे मेला" असं घालावं. जमादारसाहेब म्हणतात, त्याची कुणी तक्रार दिलेली नाही, लिहायची गरज नाही. माझ्या सांगण्यावरून लिहिलं आहे. सही माझी आहे, मला लिहिता येतं.

वेळ अकरा वाजून पाच मिनिटे. आता उठू द्या.

(सही) पिराजी कोंडिबा ओव्हाळ
समक्ष: जमादार, बेंबळी औटपोस्ट