कोरडं पोट

— न्हाय न्हाय, उन्हात उभी ऱ्हाऊ नको, पडवीत ये आन् आधी त्याला खाली ठेव बघू. इथं, चटईवर. मांडीवर नको, मांडीवर दोघांना घाम येतो, आन् घाम म्हंजे पानीच, आता त्याच्या अंगातला एक थेंब वाया जायला नको. किती येळा झालं म्हनालीस? सकाळपासनं नऊ? आन् रातचं येगळं? बरं. धर्मा, ए धर्मा, इकडं बघ रं बाळा. डोळे बघ कसे खोल गेलेत ह्याचे. टाळूवर बोट ठेव — लागला खळगा? आता ही पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली — बघितलंस? तशीच उभी ऱ्हायली. मुतला कवा? आठव नीट. काल दिवेलागनीला? त्यानंतर न्हाय? आन् रडताना डोळ्याला पानी येतंय का? — न्हाय येत. हं. बस तू. रडू नको गो जनी, तुझ्या रडन्यानं काय हुनार न्हाय, मला तुझे हात पायजेत.

चुलीवर पेज हाय. आताच परत उकळी काढली, वरचं पानी गाळून घेतलंय, त्यात मीठ टाकलंय चिमूटभर — दोन बोटांत माईल तेवढंच, आपन मिठागरावरची मानसं, आपला हात मिठाला सैल, म्हनून सांगते. निवलंय, बघ मनगटावर टाकून. हे बोंडलं घे. तोंडाच्या मधी न्हाय ओतायचं, ठसका लागंल, गालाच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडायचं. गिळत न्हाय असं वाटलं तर गळ्यावरनं बोट फिरवायचं, हळू. घे, लाव तोंडाला. काय झालं? हात का थांबला तुझा?

सासू काय म्हनाली? — व्हय. व्हय, ठाव हाय. हगवनीत पोराला पानी पाजलं की पोट सैल व्हतं, पाजशील तेवढं खालनं जाईल, पोट कोरडं ठेवायचं, ओठाला ओला बोळा लावायचा आन् घोट म्हनून द्यायचा न्हाय. बरोबर? आन् त्यासाठीच तुला माझ्याकडं धाडलीय तिनं, सोनाबायकडनं बोळा लावून आन म्हनून. तुझ्या सासूला हे कोनी शिकवलं? मीच. खाडीच्या ह्या अंगाच्या चारी वाड्यांत कुनाचं पोर हगायला लागलं की मला बोलावनं. मी जायची, पहिलं काय करायची तर पान्याचा हंडा उचलून माळ्यावर ठिवायची, पोराच्या नजरेला पडू नये म्हनून. बायका म्हनायच्या, सोनाबाय लय करारी, पोर कितीबी रडूदे, हिचा हात हलत न्हाय. मला बरं वाटायचं ते ऐकायला. वाटायचं. खोटं कशाला बोलू? — अगो पाज ना, मी बोलते तवर तू पाज. बोंडलं हातात धरून काय बसलीस? दे इकडं. हां... हां माझ्या राजा. गेलं. गेला बघ एक घोट. आता थांबायचं जरा, लगेच दुसरा न्हाय.

ओकला? ओकूदे. घाबरू नको, पुसून काढ. ओकला म्हनून हात आवरायचा न्हाय, उलट परत घालायचं, ओकतो त्याच्यापरीस थोडं जास्तीच आत ऱ्हातं. तुला खरं वाटत न्हाय. तुझ्या डोळ्यांत दिसतंय ना मला. तू म्हनत असशील, म्हातारीला चळ लागला, तीन सालांमागं एक सांगत होती, आता दुसरंच सांगते. म्हन, तोंडानं म्हन. तवा तू मला इचारलंस, मी न्हाय म्हनाले, आन् आता मीच बोंडलं हातात देते, तर कुनावर इस्वास ठेवायचा, असंच ना? बरोबर हाय तुझं. तर ऐक. सगळं सांगते, पन हात थांबवायचा न्हाय.

माझा सदू आठवतो तुला? नातू माझा, कमळचा पोरगा — कमळ म्हंजे माझी सून, गेली आता ती चौलला माहेरी, तिचं काय सांगू. सदू असाच होता, ह्या धर्माएवढा, भिंत धरून चालायचा. तुम्ही सगळी शिमग्याच्या दिसांत मिठागरावर होता, मीठ ओढायचं काम ऐन जोरात. सदूला हगवन लागली. मी काय केलं असंल? तेच. हंडा माळ्यावर. कमळ पाया पडली माझ्या, म्हनाली, आये, एक घोट. मी म्हटलं, तू कालची पोर, मी पन्नास पोरं काढली ह्यातनं. काढली होती का पन्नास? न्हाय गो. जी वाचली ती मोजायची, जी गेली ती देवानं नेली म्हनायची, असाच हिशोब असतो आपला. दुसऱ्या दिशी दुपारी — कमळ विहिरीवर गेली होती गोडं पानी आनायला, घरात मी आन् सदू. मी जरा आडवी पडले. उठून बघते तर पोर जाग्यावर न्हाय. कोपऱ्यात ते गळकं मडकं होतं ना, हात धुवायचं, ते मी वर ठेवायला विसरले होते. मडक्याच्या पोटाला हात लावून बसला होता, आन् मडकं बाहेरनं जे ओलं असतं, ते चाटत होता. जीभ लावून. मातीच चाटत होता म्हन. मी काय केलं? उचलला त्याला आन् मडकं बाहेर नेऊन उपडं केलं. उपडं केलं गो जनी, माझ्या ह्या हातांनी. त्याला रडायचं होतं, तोंड उघडलं त्यानं, पन आवाज आला न्हाय. दिवस मावळायच्या आत गेला.

— थांबलीस का? घाल, घाल. एक चमचा जरी गेला तरी गेलाच. धर्मा, ऊठ बाळा, डोळं मिटू नको, बघ आई काय देते. गालावर हळू थोपट त्याच्या. हां, असं.

मग मला कळलं कसं म्हनतेस? रतनकडनं. ती कातकरीन, बांधाच्या टोकाला झोपडी हाय तिची, मिठाच्या टोपल्या वाहायला येते. तिच्या पोरीलाबी तेच झालं, तेच दिवस. तिला कोन सांगायला जानार पोट कोरडं ठेव म्हनून? तिच्या झोपडीत मी पाऊल टाकनार न्हाय आन् तिनं मला बोलवायचं न्हाय. ती आपली पोरीला पाठीवर बांधून टोपल्या वाहायची, आन् कमरेला पेजेचं तांब्याएवढं मडकं, त्यात मिठाचा खडा टाकलेला, दर खेपेला बांधावर टेकायची आन् शिंपल्यानं पोरीला दोन शिंपले पाजायची. पोरगी ओकायची, ही परत पाजायची. मी बघत व्हते. सदूचे दिवस चालले होते, दहावाबी झाला नव्हता, मी बांधावर बसून ते बघत व्हते आन् मनात म्हनत व्हते, हिची पोरगी आज जाते का उद्या. चार दिसांनी ती पोरगी बांधावर खेकडं धरत होती. मी उठून घरी आले. दोन दिवस अन्न गेलं न्हाय मला. कुनाला बोलले न्हाय. कुनाला बोलायचं? कमळ घरात बसलेली, भिंतीला टेकून, तिच्याकडं बघून मी काय म्हनू — बाय, तू म्हनत होतीस तेच खरं, तो वाचला असता? म्हनू कसं? सांग ना, कसं म्हनू?

काय? काय इचारलंस? कवा म्हंजे — सांगितलं ना, शिमग्याला. त्याच साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या साली, पोलीस यायचे बांधावर ते साल. तुझी पोरगी, कोकिळा... कोकिळा गेली चैत्रात. व्हय. पाडवा होऊन गेला होता.

काय बोटं मोजतेस? मोजू नको. मोजायला लागतच न्हाय, मी सांगते. आधी सदू. मग रतनची पोरगी. मग तुझी कोकिळा. तू आलीस तिला घेऊन, ह्याच पडवीत बसलीस, इथंच. तू म्हनालीस, सोनाबाय, लय तहानलीय हो, एक घोट देऊ का? आन् तांब्या होता तुझ्या हातात, वाटेनं विहिरीवरनं भरून आनलेला. आन् मला ठाव होतं. ठाव होतं मला तवा. रतनची पोरगी त्याच सकाळी परत बघितली होती मी, बांधावर पळताना. जिभेवर आलं होतं गो, दे म्हनून, दे पोरी, पाज तिला. पन आत कमळ होती. दारामागं. तिचा पदर दिसत होता मला. मी तुला पाज म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं, आन् ती बाहेर आली असती आन् मला इचारलं असतं — मग माझ्या सदूला का न्हाय? म्हनून मी तुझ्या हातातनं तांब्या काढून घेतला. ओला बोळा दिला. आन् वर तुला दटावलं, करारी हो म्हटलं. कोकिळा गेली तवा मी तुला म्हटलं, दृष्ट लागली होती पोरीला. तू मान हलवलीस. मला लुगडं दिलंस तेराव्याला. ते लुगडं हाय घरात, मी नेसले न्हाय कवा.

हे सांगायचं नव्हतं मला. सदूचं सांगून थांबनार होते. तेवढ्यानं तू ऐकशील असं वाटलं होतं.

— जनी. जनी, बस. शिव्या दे, थुंक माझ्यावर, हे केस धर, पन पोराला असं उचलू नको, त्याची मान बघ कशी पडते. बोंडलं घे. न्हाय? माझ्या घरचं नको? बरं, नको घेऊ. बरोबर हाय, नकोच घेऊ. पन घरी नको जाऊ गो. घरी सासू हंडा माळ्यावर ठेवून बसली असंल, मीच शिकवलंय तिला, ती ऐकायची न्हाय, आता माझंबी ऐकायची न्हाय, मग तुझं कुठं? रतनकडं जा. बांधाच्या टोकाला. कातकरनीच्या हातचं कसं म्हनू नको, आज म्हनू नको. तिला सांग, तुझ्या पोरीला पाजलंस तसं पाज. तिचं ऐक. माझं आयुष्यात कवा ऐकू नको, पन आज तिचं ऐक. ऊन हाय, पदर धर त्याच्या डोक्यावर — इकडं नको बघू, मागं काय बघतेस, माझ्या तोंडात काय हाय बघायला? चाल. जा म्हनते ना. जा.