कान गच्च झाकणारे हेडफोन

हॅलो?… हॅलो! कोण?… अगं यामिसेल, तू होय! मोठ्यानं बोल पोरी, मी कारखान्याच्या अंगणात उभी आहे, आंब्याखाली. रेंज काय ती इथंच येते.

हो, हो… जेवणाची सुट्टी आहे. जेवले. भात आणि काळा घेवडा, दुसरं काय असणार? तू तिकडं मासे खाल्लेस ते मला सांगू नकोस.

पनामात नीट पोचलीस ना?… बरं. आणि बरोबरच्या बाया? ज्यांच्यासंगं माल भरायला गेलीस त्या?… टाकून गेल्या? परमुलखात? मी आधीच म्हटलं होतं, त्या दोघींच्या नाकावर लिहिलेलं दिसतं… बरं, बरं, येतील परत न्यायला. दुकानातच आहेस ना? मग तिथंच थांब.

काय?… अगं ऐक ना. लाल नको, निळे नको, रंग गेला चुलीत. अख्खा कान आत गेला पाहिजे. नारळाची करवंटी उपडी घातल्यासारखा.

'बंद' म्हणतो का तो दुकानदार? मग बंदच दे म्हणावं.

उघडे हलके असतात?… घाम येत नाही? त्याला सांग, उघडे तुझ्या आजीला घाल! आमच्या एदेल्मिरानं आणले होते तसले, माझ्या शेजारच्या बाकावरची ती. जाळीजाळीचे. आतलं बाहेर, बाहेरचं आत. गाणं तिच्या कानात आणि पाय हलतोय माझा! बरं, एवढं करून तिला नको ते ऐकू यायचं, ते येतच होतं.

… नको ते म्हणजे नको ते. तू पुढं बोल.

वायरवाले? छे! वायर पानात अडकते. चिरूट वळताना हात कसा चालतो, बघितलास ना लहानपणी? हां. बिनवायरचेच.

डोक्याला आवळतात? आवळू देत. तुझ्या मावसोबांनी जन्मभर डोकं खाल्लं माझं, त्यापुढं ही पट्टी काय!

तूच घालून बघ एकदा. आणि तुझा फोन त्याला जोड, जोडता येतो म्हणे… हॅलो?… यामिसेल?… गेली का?… हां! येतंय ऐकू?

मी तुझ्या डोक्यात बसल्यासारखी वाटते? बसलेलीच आहे मी, तुझी आई गेली त्या दिवसापासून.

आणि बाहेरचं?… गाड्या?… पंखासुद्धा नाही? दुकानदाराचे नुसते ओठ हलतायत?… घे. हेच घे, घासाघीस करू नकोस.

गाणी? नाही गं. गाणी कोण ऐकतंय… रेडिओही नाही. काही न लावताच घालणार आहे मी.

हसू नकोस. डोकं ठिकाणावर आहे माझं… बरं, सांगते. पण कोब्रेच्या माउलीची शपथ आहे, कुणाजवळ बोलायचं नाही. तुझ्या त्या बोलघेवड्या नवऱ्याजवळ तर मुळीच नाही.

बेनिग्नो आठवतो? आमचा वाचणारा… तोच, चौथऱ्यावर खुर्ची टाकून बसायचा. सकाळी पेपर, दुपारी कादंबरी, आणि आम्ही खाली बसून वळतोय. मला सहीसुद्धा धड येत नाही, पण कुठल्या राजानं कुणाची बायको पळवली ते विचार, घडाघडा सांगेन. सगळं त्याच्या तोंडून आलेलं.

गेला ना तो, तुला कळवलं होतं की. पुस्तक अर्ध्यावर टाकून गेला. आम्ही सगळ्यांनी हात वर करून निवडलेलं पुस्तक, आणि हा मेला मधेच! खुर्ची तशीच आहे. माइक साहेबांनी काढून नेला.

तर… तो अजून वाचतोय.

हॅलो? आहेस ना?… हो, बेनिग्नोच. रोज दुपारी. आधी खाकरतो, मग पान उलटल्याचा आवाज, मग सुरू. दिसत काही नाही.

नाही, नव्या मुकादमाला ऐकूही येत नाही. तो आपला विचारतो, "बायांनो, पाती कुणासाठी वाजवताय?"… अगं, पानं कापायची पाती नसते का आमची? गोष्ट रंगात आली की ती फळीवर ठोकायची, आमच्या टाळ्या त्याच. आता कुणी ठोकायचं नाही असं ठरवलंय आम्ही. पण हात ऐकतोय का? मी डाव्या हातानं उजवा दाबून धरते, तरी उचलतो. आणि आम्ही ठोकलं की तो पुढं वाचतो.

"वाचू दे की" म्हणे! वाचू दिलं असतं, बये. मेलेल्या माणसाची मला काय भीती, जिवंतांनी एवढा छळ मांडलेला असताना? पण ते आमचं पुस्तक नाही. दुसरंच काढलंय त्यानं. एक सुतार पावसाच्या आधी कौलं परतायला शिडी चढतो, असं वाचलं. आम्ही ठोकलं. त्यानं पुढचं वाचलं… आणि दुसऱ्या दिवशी रिगोबेर्तो. चिरुटांच्या लाकडी पेट्या करणारा आमचा रिगोबेर्तो. मयताला तू होतीस की!… नाही, तेव्हा नाही बोलले. काय बोलणार होते, आम्ही पाती ठोकली म्हणून तो पडला?

म्हणून म्हटलं, बंदच हवेत. मला ऐकू आलं नाही की मी ठोकणार नाही. मी थांबले की एदेल्मिरा थांबेल, मग बाकीच्या. या कारखान्यात सुरुवात नेहमी मीच करते. कुणी ठोकलंच नाही तर वाचणारा कुणासाठी वाचेल? मिटेल गप पुस्तक.

सध्या?… सध्या काय वाचतोय ते तुला कशाला?

हट्ट करू नकोस… अगं, एक पोरगी आहे. परक्या गावात बाजाराला गेलेली. काल तिच्या वहाणेचा पट्टा तुटला, ती एक वहाण हातात घेऊन हसत रस्त्यानं चालली, आणि सुटीचा भोंगा वाजला. एवढंच. नाव नाही सांगितलं. बाजाराला काय, जगभरच्या पोरी जातात… म्हणून तर म्हटलं, दुकानातच थांब. बाया येईपर्यंत पाऊल बाहेर…

का गं, मधेच काय म्हणालीस?

… काय तुटलं?

कधी?… आत्ता म्हणजे? तू दुकानात आहेस ना?… बाहेर? बाहेर कधी पडलीस? मला काही ऐकू आलं नाही!… तुलाही नाही. हो. तुला कसं येणार. कान झाकलेत तुझे. मीच झाकायला लावले.

थांब! आहेस तिथंच थांब!

… तिथं म्हणजे कुठं?… मधोमध?

इथं भोंगा झाला, पोरी. सगळ्या आत गेल्या… मुकादम हाका मारतोय, मारू दे. जरा गप्प बस, खिडकीतून येतंय मला. खाकरला तो. पान उलटलं.

"म्हातारी म्हणते, थांब, आहेस तिथंच थांब. आणि पोरगी थांबते, रस्त्याच्या मधोमध."

मी नाही गं, तो! तो वाचतोय! मी आत्ता बोलले तेच वाचतोय तो…

काढ ते डोक्यावरनं! ओढून काढ आणि पळ!

"म्हातारी म्हणते, काढ ते डोक्यावरनं. पोरगी हसते. म्हणते, असं काय करतेस मावशी, आवाज इतका छान येतोय."

… काय म्हणालीस?

देवा. तेच म्हणालीस. अक्षरन् अक्षर तेच.

ठोकतायत आत. सगळ्याजणी. एदेल्मिरासुद्धा… आणि माझा हात बघ, माझा हात आंब्याच्या खोडावर…

नाही, तू बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस. पुन्हा पान उलटलं त्यानं.

"मग म्हातारी पोरीचं नाव घेते, आणि जिवाच्या आकांतानं हाक मारते. त्या हाकेनं पोरीचे कान असे भरून जातात, की डावीकडून येणारी…"

अस्सं. हाक मी मारायची.

नाही मारणार. ऐकलंस का रे बेनिग्नो? या तोंडापुढं नवरा हरला, मुकादम हरले, तूसुद्धा चौथऱ्यावरून हात जोडायचास, 'ओर्तेन्सिया, जरा गप्प बस,' म्हणून. घे. बसले. तुझी म्हातारी मारू दे हाक.

मी ठेवते.