मार्थाबाईंची मुदत

एका सरकारी हुकमाला दुसरा सरकारी हुकूम आडवा आलेला मी एकदाच पाहिलाय. धुळ्याजवळच्या एका गावात मी तेव्हा मास्तर होतो. तिथल्या दवाखान्यात मार्थाबाई नावाच्या परदेशी नर्स होत्या. त्यांच्या परवान्याची मुदत संपली आणि नेमकी त्याच आठवड्यात गावात देवीची साथ आली. बाई घरोघर लस टोचत होत्या, तेवढ्यात धुळ्याहून जमादार आला.

"बाई, आजच निघायचं. देश सोडायचा हुकूम आहे."

नातीला कडेवर घेऊन सखूअक्का पुढे झाली. "कशी जाई? हाई बाई आमनी शे!"

"अक्का, बाई तुमची असली तरी कायदा आहे."

बाईंनी शांतपणे चावडीवरचा कागद दाखवला. साथ हटेपर्यंत गावाबाहेर कोणी जायचं नाही, असा कलेक्टरांचा हुकूम होता.

"तुमच्या कागदावर सही कोणाची?"

"कलेक्टरसाहेबांचीच."

"मग यातला कोणता मोडू?"

जमादार गडबडला. "मी धुळ्याला जाऊन विचारून येतो."

"आता तुम्हीही गावात आलात ना? बाही वर करा."

जमादार तीन आठवडे गावातच अडकला. बाईंचं काम त्याने डोळ्यांनी पाहिलं. बाईंना राहू द्या म्हणून गावाने अंगठे उठवलेल्या अर्जासोबत त्याने स्वतःचा रिपोर्ट जोडला. महिनाभराने मुदतवाढीचा कागद तोच घेऊन आला, तेव्हा आम्ही वेशीपासून वाजतगाजत त्याला आणलं.

मागे बैलगाडीत त्याची बायको आणि चार पोरं होती. ती टोचून घ्यायला आली होती.